चाकावरची

“कुणाचा संबंध?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तसा औषधवाला चहाचा कप उचलून मुकाट्याने दाराकडे निघाला.

बाजारातलं बंद पडलेलं कारंजं पुन्हा सुरू करावं, असा अर्ज त्याच्या मेव्हण्याने केला होता. जपणूक समितीचा नियमच होता तसा. गावातल्या कुठल्या जुन्या वास्तूला यंदा पालिकेचा निधी द्यायचा हे ही पाच माणसं ठरवत, आणि अर्जदाराशी ज्याचा संबंध असेल त्याने तेवढ्यापुरतं बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचं. नियम मास्तरांनी लिहिला होता. आधी त्यांनी ‘नाते’ असा शब्द घातला होता. पण गवंडी म्हणाला, धंद्यातला भागीदार नात्यात कुठे येतो? मग मास्तरांनी बराच विचार करून ‘संबंध’ घातला आणि स्वतःवरच खूश झाले. कुणाचा किती संबंध हे ठरवणार कोण, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी पुढे एक वाक्य जोडलं: ते ज्याचे त्याने सांगावे.

कारंज्याचा निकाल चटकन लागला. त्याच्या नळांत आता फक्त पाली राहत होत्या. औषधवाल्याला आत बोलावलं, आणि सगळ्यांची तोंडं बघून तो काय ते समजला.

“बरं झालं,” खुर्ची ओढत तो म्हणाला. “मेव्हण्याला सांगतो, तुझ्यासाठी फार भांडलो.”

“भांडलासच की. बाहेरच्या बाकाशी,” गवंडी म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी हसू आवरलं आणि पुढचा कागद वर घेतला. “आता लांबोडी. कुणाचा संबंध?”

समितीतली पाचवी म्हणजे थोरली. ती जागची हलली नाही. तिने चष्म्याची डबी उघडली, मिटली आणि मांडीवर ठेवली.

खोलीत सगळ्यांना एकदम टेबलाच्या लाकडात काहीतरी बघण्यासारखं दिसू लागलं. लांबोडी म्हणजे कालव्याकाठची दोर वळायची लांबलचक शेड. अर्ज केला होता तिथे दोर वळणाऱ्या बाईने, आणि ती बाई थोरलीची सख्खी धाकटी बहीण होती. हे न माहीत असलेलं माणूस गावात सापडलं नसतं. पण थोरलीने बहिणीशी बोलणं टाकलं होतं, हेही सगळ्यांना माहीत होतं. वडील गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तिने आपल्या दुकानात, भर गिऱ्हाइकांसमोर सांगितलं होतं, “आजपासून तुझा माझा संबंध संपला.” आणि नियमात शब्द होता तो ‘संबंध’.

मास्तर खाकरले. “म्हणजे... ज्याचं त्याने सांगायचं, तसा नियम आहे.”

“मला नियम पाठ आहे, मास्तर,” थोरली म्हणाली. “माझा कुणाशी संबंध नाही.”

 गवंडी तेवढा पुटपुटला की छान शब्द काढलात मास्तर, आणि मास्तरांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

शर्यतीत आता दोनच उरले होते, लांबोडी आणि वाचनालयाचा लाकडी जिना. निधी एकालाच मिळणार होता. लांबोडीचं छप्पर मधोमध इतकं खचलं होतं की दुरुस्त झालं नाही तर पालिका अख्खी शेडच धोकादायक म्हणून उतरवणार, हे ठरल्यातच जमा होतं. डॉक्टरीणबाई आणि गवंडी लांबोडीच्या बाजूने होते. मास्तर आणि औषधवाला जिन्याच्या. म्हणजे सगळं थोरलीच्या हातावर येऊन थांबलं होतं. ती खोलीत राहिली तर लांबोडी गेली. ती बाहेर गेली तर मतं सारखी, आणि मग अध्यक्ष म्हणून डॉक्टरीणबाईंचं मत दोनदा धरायचं, म्हणजे लांबोडी वाचली.

“जिना सगळ्यांचा आहे,” थोरली म्हणाली. “म्हातारीकोतारी चढतात, पोरं चढतात. लांबोडी एकीची. एकीसाठी गावाने का खर्च करावा?”

मुद्दा बिनतोड होता, आणि तो बिनतोड आहे याचं तिला फार बरं वाटलं. खरं कारण तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ते लहानपणापासून तिच्या मनात पीळ घालून बसलं होतं.

दोघी बहिणी लांबोडीतच वाढल्या. धागा वळायला दोन जागांवर माणूस लागतं. एकाने दाराशी बसून चाक फिरवायचं. दुसऱ्याने कमरेला तागाचा झुबका गुंडाळायचा, त्यातलं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं आणि बोटांतून ताग सोडत सोडत उलट्या पावली पार शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. थोरलीला पहिल्यापासून चाकावर बसवलं. धाकटी जरा उंच झाली तशी बाबांनी तिला आपल्या शेजारी घेतलं आणि दोघं दोन धागे घेऊन सोबत चालायला लागले. चाकाशी बसून थोरली बघत राही. दोघं लांब लांब जात, लहान होत, आणि तिकडच्या अंधारात काहीतरी बोलत. काय बोलत ते तिच्यापर्यंत पोचत नसे. संध्याकाळी बाबा धाकटीला म्हणत, “हात दाखव.” तिच्या तळव्यावरचे घट्टे अंगठ्याने चाचपत आणि गिऱ्हाइकाला सांगत, “हिचा हात म्हणजे माझाच हात.” थोरलीची ओळख करून देताना म्हणत, “ही चाकावर असते.” जसं एखाद्या खुंटीबद्दल सांगावं तसं. तिचा हात त्यांनी कधी बघायला मागितला नाही.

तिने लग्न केलं, नवऱ्याबरोबर खिळे-बिजागऱ्यांचं दुकान थाटलं आणि दारातच नायलॉनच्या दोऱ्यांची रिळं टांगली. निळी, पिवळी, हिरवी. बाबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि तेही तिला खुपलं. शेवटच्या आजारपणात उशापायथ्याशी थोरलीच होती. औषध तिने पाजलं, अंथरूण तिने बदललं. आणि बाबा दाराकडे डोळे लावून विचारत, “धाकटी आली का?” धाकटी यायची, तागाची कुसं केसांत घेऊन, आणि ते म्हणायचे, “हात दाखव.”

ते गेल्यावर धाकटी दुकानात आली. गिऱ्हाइकं पांगायचीही तिने वाट पाहिली नाही. म्हणाली, “ताई, चाकावर येतेस का?”

अजून चाकच. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तिरमिरीत ती जे बोलली ते गावभर झालं, आणि मग शब्द मागे घ्यायची सोय उरली नाही.

रिवाजाप्रमाणे मतदानाआधी समिती दोन्ही जागा बघायला निघाली. जिना बघून झाला. चौथी पायरी गवंड्याच्या वजनाने इतकी कण्हली की मास्तरांना आपली बाजू भक्कम वाटू लागली. मग पाचही जण कालव्याच्या काठाने लांबोडीकडे वळले. थोरली सगळ्यांच्या मागे, पर्स काखेत दाबून, नको त्या घरी जेवायला निघाल्यासारखी.

लांबोडीचं दार उघडंच होतं. धाकटी उंबऱ्याशी उभी होती. बारीक, उन्हाने रापलेली, कमरेला ताग गुंडाळून तयार. तिने सगळ्यांना या म्हटलं. थोरलीवरून तिची नजर झरकन गेली आणि खाली वळली.

“चाकावर एक बाई असते,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “तिच्या घरी कुणी आजारी पडलंय, ती आज आली नाही. तुमच्यापैकी कुणी जरा फिरवेल का? म्हणजे धागा कसा होतो ते दाखवता येईल.”

औषधवाला बाह्या सरसावून पुढे झाला. “त्यात काय! विहिरीवर रहाट ओढलाय मी.”

त्याने खरंच रहाटासारखंच ओढलं. एकदा जोरात, एकदा मरगळून. धाकटी मागे चालू लागली आणि धागा हातभर नीट यायचा की लगेच गाठ, की लगेच तटकन तुटायचा. तिने काही न बोलता टोक पुन्हा अडकवलं. पुन्हा तुटला. चाक करकरत होतं, डावीकडे झोल खात होतं, आणि तो झोल सावरायला मूठ वर येताना मनगट किंचित आत दाबायचं असतं हे त्या औषधवाल्याला कोण सांगणार. थोरलीने भिंतीकडे बघितलं. छताकडे बघितलं. तिसऱ्यांदा धागा तुटला तेव्हा तिच्या दातांवर दात आले.

“सरका,” ती म्हणाली.

“अहो, येतंय आता हातात...”

“कुठलं येतंय. सरका म्हटलं ना.”

तिने पर्स मास्तरांच्या हातात दिली आणि स्टुलावर बसली. स्टूल तेच होतं. मुठीचं लाकूड मात्र कुणा परक्याच्या हाताने झिजलं होतं, आणि त्या परक्या बाईचाही तिला क्षणभर राग आला. मग चाक फिरू लागलं. करकर राहिली, पण झोल गेला.

धाकटी मागे मागे जाऊ लागली. बोटांतून ताग सुटत होता, धागा एकसारखा येत होता, आणि थोरलीच्या डोळ्यांसमोर तेच जुनं दृश्य होतं. ती लांब चाललीय, आपण इथेच. बाई कशी डौलात चालते बघा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गवंडी म्हणाला, कला आहे. थोरली चाक फिरवत होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, हो, करा कौतुक, चाक काय आपोआप फिरतंय.

शेड अर्धी सरली असेल. धागा हलकेच थरथरला आणि ती थरथर मुठीतून तिच्या हातात आली. हिसका नव्हे, ताण नव्हे, नुसती चिमटीत धरून दिलेली एक टिचकी.

लहानपणी शेडमध्ये ओरडायची बाबांची बंदी होती. एवढ्या लांबून ओरडलेलं धड कळतही नसे. धाकटीला कंटाळा आला किंवा तिकडच्या अंधाराची भीती वाटली की ती धाग्याला अशी टिचकी द्यायची. म्हणजे, ताई, आहेस ना? आणि थोरली चाक निमिषभर अडवून सोडायची. म्हणजे, आहे. बाबांना हे कधी कळलं नाही, असं दोघी समजत.

थोरलीने ठरवलं होतं की काही करायचं नाही. पण मनगटाने तिला विचारलंच नाही. चाक निमिषभर अडलं आणि पुढे फिरलं.

धाकटी दुसऱ्या टोकाला पोचली, धागा खुंटीला बांधला आणि परत आली. मास्तर पर्स सांभाळत उभे होते. वर्गात विचारावं तसं त्यांनी विचारलं, “हे सगळं उलटं चालायचं कशासाठी? सरळ पाठ करून चाललं तर ठेच तरी लागणार नाही.”

“पाठ केली तर चाक कसं दिसणार?” धाकटी म्हणाली.

“चाकात बघायचं काय? ते आपलं फिरतंय.”

“चाकात काही नाही. चाकावरच्या माणसाकडे बघायचं असतं.” ती केसांतली कुसं काढत बोलत होती, कुणाकडे न बघता. “दार तिच्या पाठीशी, उजेड तिच्यावर. त्या टोकाहूनसुद्धा नीट दिसते. बाबा मला सारखे टोकायचे. धाग्याकडे बघू नको, ताईकडे बघ. ती दमली की डावा खांदा आधी पडतो, तेव्हा पाय हळू टाक. ती चिडली की मान ताठ होते, तेव्हा जरा सैल सोड. दिवसभर तेच. मी म्हणायची, बाबा, सारखं ताई ताई काय, माझे पाय दुखतात ते बघा की. तर म्हणायचे, तुझे पाय तुझे तू बघ. चाक बिघडलं तर तुझा माझा दोघांचा धागा जाईल.”

औषधवाला हसला. “म्हणजे इथेही सासुरवासच.”

“मला लहानपणी फार राग यायचा ताईचा,” धाकटी म्हणाली.

 थोरली स्टुलावरून उठली. तिने मास्तरांच्या हातातून पर्स घेतली, दाराशी गेली आणि मागे वळून त्या टोकाकडे बघितलं. तिथे अंधार होता. इथून तिकडचं काही दिसत नव्हतं, पूर्वीही नसायचं. माणूस गेलं की नुसता आकार उरायचा. नजर कुणीकडे आहे, तोंडाने काय बोलताहेत, कुणाबद्दल बोलताहेत, काहीच कळायचं नाही. आणि ती सगळी वर्षं इथे, उजेडात बसून होती.

परतताना गवंडी तिच्या बरोबरीने चालत होता. छपराच्या तुळया कुठल्या, खांब अजून किती तग धरतील असं काहीबाही सांगत होता. तिने हं हं केलं. तिची उजवी मूठ मिटलेली होती आणि आत काहीतरी चुरचुरत होतं.

पालिकेच्या दाराशी धाकटी त्यांच्या आधीच येऊन पोचली होती, कालव्यावरच्या फळीवरून जवळच्या वाटेने. निकाल ऐकायला अर्जदारांना हजर राहता येई. ती वर, समितीच्या खोलीबाहेरच्या बोळातल्या बाकावर जाऊन बसली आणि पाचही जण तिच्या समोरून आत गेले. दार लागलं.

“बघून झालं, बोलून झालं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता हात वर करू. लांबोडी की जिना.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सवयीने, खाली बघतच म्हणाल्या, “कुणाचा संबंध?”

थोरलीच्या डोक्यात एवढा वेळ एकच गोष्ट घोळत होती. जिन्यासाठी हात वर केला तर लांबोडी पडेल, आणि पडली तर तिथे कोण कुणाकडे बघत होतं हे सांगायला भिंतसुद्धा उरणार नाही. पण धाकटीसाठी हात वर करणं? तेही तिच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. हिचा हात म्हणजे माझा हात. ते वाक्य अजून होतं तिथेच होतं, आणि आज जे ऐकलं त्याने ते पुसलं गेलं नव्हतं. बाबांनी एकीचा हात बघितला, एकीचा खांदा. बरोबरी झाली का? नाही झाली. तिला हातच हवा होता.

तिची खुर्ची फरशीवर घासली गेली.

“माझा आहे,” ती म्हणाली.

“कशाशी?” औषधवाल्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

“लांबोडीशी. अर्ज केलेली बाई माझी धाकटी बहीण आहे.”

नवीन बातमी द्यावी तसं तिने ते सांगितलं, आणि कुणी हसलं नाही. मास्तरांनी तोंड उघडलं. सकाळी तर तुम्ही, असं काहीतरी ते म्हणणार होते. आपल्या बाजूचं मत डोळ्यांदेखत उठून चाललं होतं.

“मास्तर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमचाच शब्द आहे. लिहून घ्या.”

मास्तरांनी लिहिलं. थोरलीने चष्म्याची डबी पर्समध्ये टाकली आणि दार आपल्या मागे ओढून घेतलं.

बोळात खिडकीतून दुपारचं ऊन तिरकं आलं होतं. धाकटी बाकाच्या एका टोकाला बसली होती. तिने मान वर केली आणि बघतच राहिली.

“तू बाहेर कशी?”

“नियम आहे,” थोरली म्हणाली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा राहिली.

“कसला नियम?”

“आहे एक. मास्तरांनी केलाय.”

आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. धाकटीने दाराकडे बघितलं, मग बहिणीकडे. आत सकाळपासून कोण कुठल्या बाजूला होतं हे तिलाही ठाऊक असणार. असल्या गोष्टी गावात दुपारपर्यंत झाकून राहत नाहीत. 

“तुझ्या चाकाला तेल नाही,” थोरली म्हणाली. “कानठळ्या बसतात.”

“घालते की.”

“घातलं असतंस तर करकरलं नसतं. बाबा असते तर...” ती थांबली. बाबा असते तर काय म्हणाले असते ते धाकटीलाच जास्त ठाऊक, ही सल पुन्हा वर आली होती आणि तिला ती आज वर यायला नको होती. तिने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि उजवा तळवा बाकाच्या कडेला लागताच तोंडाने स्स केलं.

“काय झालं?”

“काही नाही. मुठीने फोड आलाय. सवय गेली.”

धाकटी मधल्या जागेत सरकली.

“हात दाखव,” ती म्हणाली.

दाराआड खुर्च्या हलल्या. डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, कोण कोण, हात वर करा नीट. थोरलीने रुमाल काढला, तळवा स्वच्छ पुसला, आणि मग दाखवला.